एका रविवारात मुंबई आणि रोहित पक्षी: आधी भरतीची वेळ बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापूरहून फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरणार आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत जाणार. सोबत चौसष्ट वर्षांची आई, त्यांचे गुडघे दुखतात, आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुलं. या एका दिवसात गेटवे, म्युझियम, फ्लेमिंगो (म्हणजेच रोहित पक्षी), बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि कान्हेरी लेणी असं सगळं बसवायचं आहे, तर क्रम कसा लावावा? मी मुंबईत लोकांना पक्षी दाखवायला नेतो आणि शहराबाहेरून एका दिवसासाठी येणारी कुटुंबं माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. गेटवे आणि म्युझियम दक्षिण टोकाला. कान्हेरी वायव्येला, बोरिवलीत. फ्लेमिंगो पूर्वेला, ठाणे खाडीत. चर्चगेट ते बोरिवली साधारण 34 किलोमीटर आणि सीएसएमटी ते ठाणे तेवढंच. पण बोरिवलीहून खाडीकडे यायला सरळ लोकल नाही, एकतर दादरला येऊन गाडी बदलायची किंवा घोडबंदर रस्त्याने ठाणं गाठायचं. तिन्ही टोकं एका दिवसात शिवता येतील, पण मग मुलांच्या लक्षात फक्त लोकल आणि रिक्षा राहतील. म्हणून पहिलं स्पष्ट उत्तर: कान्हेरी किंवा फ्लेमिंगो, दोन्हींपैकी एकच. आणि फेब्रुवारी असल्यामुळे मी फ्लेमिंगो निवडेन.

हेच तुम्ही ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर उत्तर उलट असतं. रोहित पक्षी मुंबईत साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून दिसू लागतात आणि मे अखेर, कधी जूनच्या सुरुवातीपर्यंत थांबतात. पावसाळ्यात खाडीवर त्यांच्यासाठी जाण्यात अर्थ नाही, आणि कान्हेरी मात्र तेव्हाच सगळ्यात सुंदर असते. लेण्यांच्या कड्यांवरून पाणी वाहतं आणि कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी भरलेल्या दिसतात. शंभराहून अधिक लेणी आहेत ती. इसवी सनाच्या आधीपासून जवळपास हजार वर्षं तिथे माणसांचा राबता होता, आणि सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख भिंतींवर आहेत. एवढं सगळं दीड तासात उरकायला जाऊ नये. शिवाय पायऱ्या कातळात कोरलेल्या, उंच-सखल. आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. मुलांना बिबट्या दिसेल अशी आशा असेल तर तेही आत्ताच सांगतो: नॅशनल पार्कात बिबटे आहेत, पण ते रात्री फिरतात आणि माणसांच्या वर्दळीपासून लांब राहतात. तिथल्या सफारीत दिसणारे वाघ-सिंह कुंपणातले असतात. मुलांना ते आवडतात, पण तुम्हाला रानातलं जनावर पाहायचं आहे असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं.

आता मुख्य मुद्दा. गेटवे सकाळी सातला जिथे असतो तिथेच रात्री नऊला असतो. पक्ष्यांचं तसं नाही. ठाणे खाडीतले रोहित घड्याळावर चालत नाहीत, भरती-ओहोटीवर चालतात. ओहोटी पूर्ण लागली की चिखलाचा पट्टा लांबच लांब उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने दूर जातात. काठावरून मग गुलाबी रेघेपलीकडे काही दिसत नाही. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत काठाकडे आणतं. भरती भरली की उभं राहायला चिखलच उरत नाही, मग ते उठून आडोशाच्या पाणथळींवर जाऊन बसतात. म्हणजे जवळून बघायची वेळ पाणी चढताना किंवा उतरायला लागल्यावर, साधारण दोन-अडीच तासांची. तुमच्या दिवसातली ही एकच गोष्ट कुणाच्या हातात नाही. म्हणून ती आधी कागदावर लिहा आणि शहर तिच्या अवतीभवती बसवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. शहराचं वेळापत्रक आखतात, उरलेल्या वेळात खाडीवर जातात आणि रिकामा चिखल बघून परततात.

भरतीची वेळ मोबाइलवर सहज मिळते, मुंबईचं भरतीचं कोष्टक शोधा. पण कोकणातला जुना हिशोबही सांगून ठेवतो, कारण तारीख ठरवायच्या आधी अंदाज घ्यायला तो फार उपयोगी पडतो. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या आसपास एक भरती आणि पहाटे तीनच्या आसपास दुसरी. अष्टमीला सहा. पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा ते बारा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत पाणी पोचायला गेटवेजवळच्या अपोलो बंदरापेक्षा थोडा उशीर लागतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून कुठला रविवार बरा हे ठरवायला एवढं पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका रविवारची वेळ पुढच्या रविवारी अजिबात लागू पडत नाही.

फेब्रुवारीतल्या कुठल्या रविवारी येणार हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून भरती कधी आहे त्यावरून दिवस कसा बदलेल ते सांगतो.

भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास असेल, म्हणजे द्वादशी-त्रयोदशीच्या आसपासचा रविवार, तर तुमचं नशीब चांगलं. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका (बॅगांना कुलूप हवं आणि तिकीट-ओळखपत्र जवळ ठेवा), चहा घ्या आणि थेट ठाण्याची फास्ट लोकल पकडा. ठाण्याला गाडी बदलून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बरची लोकल घ्या, ऐरोलीला उतरा आणि तिथून रिक्षा करा. वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तिथे आहे. बोटीची फेरी तिथूनच निघते. रविवारी सकाळी गाड्यांना आठवड्यासारखी गर्दी नसते, तरी दोन तास हाताशी ठेवा. सकाळच्या वेळेला ऐरोलीच मी का सुचवतो, तर ती खाडीच्या पूर्व काठावर आहे. सूर्य तुमच्या पाठीशी राहतो आणि समोरचे पक्षी उजेडात न्हालेले दिसतात. याच वेळी शिवडीला गेलात तर सूर्य डोळ्यांवर येतो आणि गुलाबी पक्षी काळे दिसतात.

भरती दुपारी दोन-चारच्या दरम्यान असेल, म्हणजे तृतीया ते पंचमी, तर सकाळ सीएसएमटीजवळच्या फोर्ट भागात घालवा आणि बाराच्या आत ऐरोलीकडे निघा. यात एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. मध्य रेल्वेच्या मुख्य किंवा हार्बर मार्गावर, कधी ट्रान्सहार्बरवरही, रविवारी दुपारभर गाड्या रद्द होतात किंवा वळवतात. कुठे ब्लॉक आहे हे शनिवारी जाहीर होतं, ते न बघता निघू नका. ब्लॉक आडवा येत असेल तर सगळ्यांनी मिळून टॅक्सी करून पूर्व मुक्त मार्गाने जाणं परवडतं, आणि आईंनाही ते सोपं जाईल.

अष्टमीच्या आसपासचा रविवार असेल तर भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला. भर दुपारी ओहोटी, पक्षी लांब. अशा दिवशी ऐरोलीचा हट्ट धरू नका. दुपारी तीनपर्यंत शहर पाहा आणि चारच्या सुमारास शिवडीला जा. हार्बर लाइनवर सीएसएमटीपासून ते जवळ आहे, स्टेशनवरून टॅक्सीने जेट्टीपर्यंत जाता येतं, म्हणजे चालणं जवळजवळ नाही. शिवडी खाडीच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे दुपारनंतर उजेड पाठीशी येतो आणि चढतं पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे आणतं. अटल सेतू तिथूनच सुरू होतो. त्याच्या बांधकामाच्या काळापासून शिवडीचा भरवसा पूर्वीइतका राहिलेला नाही असा माझा अनुभव आहे. काही दिवशी थवे अगदी समोर असतात, काही दिवशी पुलाच्या पलीकडे. त्या आठवड्यात कोण जाऊन आलंय त्याला विचारून मगच निघा.

आणि पुनव-अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, उधाणाची असते. तेव्हा खाडीतले थवे उठून नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येतात. पाणी भरलेलं असेपर्यंत ते तिथेच एका पायावर उभे राहून विसावतात. सीएसएमटीहून हार्बरची लोकल थेट सीवूड्सला जाते. तिथे बोट नाही, सोयीही फारशा नाहीत, पण पक्षी शांत उभे असतात आणि मुलांना दुर्बिणीतून नीट बघायला मिळतात.

एवढ्या पर्यायांनी गोंधळ झाला असेल तर इतकंच धरा: सकाळची भरती असेल तर ऐरोली आधी, दुपारची असेल तर ऐरोली नंतर, संध्याकाळची असेल तर शिवडी, भर दुपारी बाराची असेल तर सीवूड्स.

बोटीबद्दल थोडं. ऐरोलीच्या फेऱ्यांच्या वेळा पाण्याप्रमाणे रोज बदलतात आणि हंगामात शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. सोलापूरहून निघण्याआधी नोंदणी करा, तिथे जाऊन बघू असं ठेवू नका. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचंच. आईंना बोटीत चढता-उतरता येईल का याची शंका असेल तर त्यांना केंद्रातच थांबू द्या. तिथे प्रदर्शन आहे, बसायला जागा आहे आणि खारफुटीतून जाणारी लाकडी वाटही आहे.

त्या लाकडी वाटेवर मुलांना जरूर न्या, बोटीइतकंच ते महत्त्वाचं आहे. खाली वाकून चिखलात बघायला सांगा. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली दिसतील. चिखलात हवा नसते म्हणून झाड अशी मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराचं एखादं पान उलटसुलट करून जिभेला लावून बघा, खारट लागतं. मुळांवाटे आत आलेलं जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. आणि ओलसर चिखलावर काही टुणकन उडालं तर ती निवटी. मासाच आहे तो, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून चालतो, आणि अंग ओलं आहे तोवर हवेत श्वास घेऊ शकतो. डोळे डोक्याच्या वर बेडकासारखे. पाठीवरचं पर उभारून दोन निवट्या एकमेकींना धमकावतात तेव्हा आठ वर्षांचं मूल तिथून हलत नाही. रोहित न बघता निवटीसाठी अर्धा तास बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना घाई करू नका असं सांगितलं आहे.

आता रोहितांकडे. तुम्ही सोलापूरचे, म्हणजे उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित कदाचित पाहिलेही असतील. मग इथे कशाला यायचं? कारण तिकडे येतो तो प्रामुख्याने मोठा रोहित. उंच, पांढुरका, पंखांत गुलाबी, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. ठाणे खाडीत तो असतोच, पण बहुसंख्य असतो तो छोटा रोहित. उंचीला बराच कमी, रंगाने गडद आणि चोच गर्द लाल, लांबून जवळजवळ काळी वाटणारी. दोन्ही एकाच थव्यात उभे असले की फरक लगेच कळतो. छोट्या रोहितांचा एवढा मोठा मेळा महाराष्ट्रात दुसरीकडे बघायला मिळत नाही. त्यांची वीण गुजरातेत कच्छच्या रणात होते आणि अन्नासाठी ते इथे येतात. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो. महानगराच्या सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांमुळे खाडीत ते शेवाळ फोफावलं आणि म्हणून पक्षी वाढले, असं अनेक अभ्यासक मानतात. आनंदाची आणि काळजीची गोष्ट एकाच वेळी आहे ती. 2015 साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

खाताना त्यांच्याकडे नीट बघा. मान खाली घालून चोच उलटी धरतात, वरची बाजू चिखलाकडे. जीभ पंपासारखी भराभर मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून गाळून बाहेर जातं. शेवाळ आत राहतं. सगळा थवा माना खाली घालून हळूहळू पुढे सरकत असेल तर समजा तुम्ही योग्य अंतरावर आहात. माना वर झाल्या, खाणं थांबलं आणि सगळे एकाच दिशेने झपाझप चालू लागले, तर बोट फार जवळ आली. अशा वेळी नावाड्याला थांबायला तुम्ही स्वतः सांगा. थवा उडाला तर फोटो छान येतो म्हणून काही जण बोट पुढे घ्यायचा आग्रह धरतात. तसं करू नका. खायला मिळणारे तास भरती-ओहोटीने आधीच मोजके असतात, त्यात दर बोटीला उडायला लावलं तर त्यांचं पोट भरायचं कधी? माझ्यासोबत आलेल्यांनी हा नियम पाळावा यासाठी मी अडून बसतो.

रोहितांच्या नादात बाकीचे पक्षी सोडू नका. शेकाट्या, उचाट, मालगुजा, चित्रबलाक, पाण्यावर घिरट्या घालणारे कुरव (सीगल) आणि सुरय, नशिबात असेल तर खांबावर बसलेला कैकर, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी. 8×42 ची एक दुर्बीण कुटुंबात पुरते. विकत घेऊ नका, कुणाकडून तरी उसनी आणा. टोप्या आणि पाणी मात्र हवंच, बोटीत सावली असेलच असं नाही.

शहराबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला कुणीही सांगेल. पण प्राणी बघायला आलाच आहात तर सुरुवात दगडातल्या प्राण्यांपासून करा. सीएसएमटीची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारली, ती 1888 च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्या प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ, एक ब्रिटनचा आणि एक भारताचा. भिंतींवर मोर, माकडं, पाली, पक्षी कोरलेले आहेत आणि त्यातलं बरंच काम जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचं. मुलांना शोधायला लावा. रविवारी सकाळी फोर्ट रिकामा असतो, रस्त्याच्या पलीकडून वर मान करून निवांत बघता येतं. आठवड्यातल्या इतर दिवशी तिथे उभं राहणंही कठीण. फक्त एक लक्षात ठेवा, फोर्टमधली बरीचशी हॉटेलं कचेऱ्यांवर चालतात, त्यामुळे रविवारी बंद असतात. नाश्ता स्टेशनजवळच उरकून घ्या.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे म्युझियम, सकाळी सव्वादहाला उघडतं. सगळं बघायचा प्रयत्न करू नका, तळमजल्यावरची शिल्पं आणि निसर्गविज्ञान विभाग एवढंच बघा. तो विभाग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहाच्या आधारावर उभा राहिला. खाडीत लांबून दिसलेले पक्षी तिथे हातभर अंतरावर दिसतात, त्यामुळे खाडी आधी झाली असेल तर मुलं स्वतःच नावं सांगू लागतात. म्हणूनही मला सकाळच्या भरतीचा रविवार जास्त आवडतो. म्युझियमपासून गेटवे चालत दहा मिनिटांवर आहे. आई दमल्या असतील तर म्युझियमच्या बागेत बसू द्या.

गेटवेला हिवाळ्यात कुरव येतात आणि लोक त्यांना गाठ्या, वेफर्स टाकतात. मुलं मागे लागतील, तरी तुम्ही टाकू नका. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तेलकट-खारट पदार्थ चांगले नाहीत आणि ते बोटींच्या मागे धावायला शिकतात. गेटवे पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्तासाठी तिथे थांबू नका. फेब्रुवारीत सूर्य साडेसहानंतर मावळतो. सहाच्या आत टॅक्सीने मरीन ड्राइव्हला या, कठड्यावर बसा, आईंच्या गुडघ्यांनाही विश्रांती मिळेल. तिथून जेवून नऊ-साडेनऊपर्यंत सीएसएमटीला पोचलात की क्लोकरूममधून सामान घ्यायला आणि गाडीचा प्लॅटफॉर्म गाठायला पुरेसा वेळ राहतो.

तारीख नक्की झाली की कळवा, त्या दिवशीची भरती बघून किती वाजता कुठली लोकल धरायची ते सांगतो. तारीख अजून हातात असेल तर द्वादशी-त्रयोदशीच्या जवळचा रविवार मिळतो का ते आधी बघा, आणि रेल्वेचं आरक्षण त्यानंतर करा.